बावीस तासांची पिशवी

सकाळी दहाला दहा कमी असताना रक्तपेढीतला फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका कापत होता की डॉक्टरबाईंना आधी वाटलं, लाईनच खराब आहे.

“मॅडम, चार नंबर वॉर्डातून बोलतेय. पेशंटला रक्त चालू होतं. कंबर दुखतेय म्हणाले, मग हुडहुडी भरली. आणि आता लघवी लाल झालीय. काळपट लाल.”

“रक्त बंद केलंस?”

“लगेच. सुई ठेवलीय, सलाइन चालू केलंय. डॉक्टरांना बोलावलंय.”

“पिशवी फेकू नकोस. नळीसकट खाली पाठव. आणि कुठल्या गाढवानं लावली होती ती?”

“मी लावली, मॅडम.”

रक्तपेढीच्या या डॉक्टरबाईंना सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘छडी’ म्हणायचं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. दुसऱ्याचं रक्त माणसाच्या अंगात जाणार, तिथे लाडीगोडी काय कामाची? माणसं घाबरून असली की चुका होत नाहीत, असं त्यांचं सरळ गणित होतं. बावीस वर्षांत ते गणित तपासून बघायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

पेढीबाहेरच्या भिंतीवर त्यांनी एक फळा लावून घेतला होता. वर ठसठशीत अक्षरांत ‘वाया घालवलेलं रक्त’. नियम साधा होता. पेढीतून नेलेली पिशवी अर्ध्या तासात रुग्णाला लावायची, नाहीतर त्याच अर्ध्या तासात परत आणायची. उशीर झाला की ते रक्त दुसऱ्या कोणालाही देता येत नाही, टाकून द्यावं लागतं. मग वॉर्डाचा नंबर आणि तिथल्या मोठ्या सिस्टरचं नाव महिनाभर फळ्यावर. येणाऱ्या जाणाऱ्यांनी वाचावं म्हणूनच तो येण्याजाण्याच्या वाटेवर होता.

बाई चार नंबरात पोचल्या तेव्हा हॉस्पिटलचे मोठे साहेब आधीच हजर होते. रुग्ण म्हणजे एक साठीचे शिंपीकाका, पोटातल्या जखमेतून रक्त जाऊन जाऊन पांढरेफटक पडलेले. उशाशी त्यांची लेक. पलंगाखालच्या पिशवीत साठलेली लघवी बाईंनी वाकून पाहिली. रक्तातल्या लाल पेशी फुटल्या होत्या, आणि आतला रंग मूत्रपिंडांतून गाळला जात होता. तो जास्त झाला तर मूत्रपिंडं चोंदतात.

“चुकीच्या गटाचं रक्त दिलंय, दुसरं काय!” साहेब हळू आवाजात म्हणाले. “नर्स तीन महिन्यांपूर्वी लागलेली आहे, अजून कायमही नाही. चार वाजता मला वर अहवाल पाठवायचाय. तुम्ही सही करा, मी तिला आजच घरी बसवतो. तक्रार नोंदली गेली की दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही. आपल्यावर बालंट नको.”

नवी नर्स हात बांधून भिंतीशी उभी होती. बाईंनी तिला तीस खाटांच्या देखत फैलावर घेतलं.

“नाव वाचता येत नाही तुला? नंबर जुळवता येत नाही? तीन महिन्यांत माणूस मारायला निघालीस!”

पोरगी रडली नाही. “जुळवलं होतं, मॅडम,” एवढंच म्हणाली. समोरच्या खाटेवरचा म्हातारा कूस बदलून भिंतीकडे वळला.

आता चूक सिद्ध करायची तेवढी बाकी होती. बाई खाली येऊन कामाला लागल्या आणि तासाभरातच त्यांची पंचाईत झाली.

पिशवीवरचा नंबर बरोबर. काकांचं नाव बरोबर. रक्त देण्याआधीचा नमुना पुन्हा तपासला, नंतरचा तपासला, पिशवीतलं उरलेलं रक्त तपासलं. तिन्हींचा गट एकच. दोन्ही रक्तं एकत्र करून पाहिली, काही भांडण नाही. काकांच्या शरीरानं या रक्ताविरुद्ध काही तयार केलंय का, तीही चाचणी केली. काही नाही.

“म्हणजे रक्त बरोबर माणसालाच गेलं,” टेक्निशियन म्हणाला. बाईंच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेला हा माणूस त्यांच्यासमोर मोजून मापून बोलायचा.

“मग पेशी का फुटल्या?”

बाईंनी पिशवीतलं थोडं रक्त नळीत घेऊन यंत्रात फिरवलं. पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, हे नेहमीचं. या नळीतलं वरचं पाणी गर्द लाल होतं.

पेशी काकांच्या अंगात फुटलेल्या नव्हत्या. त्या पिशवीतच फुटलेल्या होत्या.

“आपल्याकडूनच खराब गेलं की काय?” टेक्निशियनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घाईनं फ्रीज उघडला. प्रत्येक पिशवीच्या नळीचा एक छोटा बंद तुकडा पेढी स्वतःजवळ राखून ठेवते. त्याच पिशवीचा तुकडा त्यानं फिरवला. वरचं पाणी स्वच्छ पिवळं.

पेढीतून निघालं तेव्हा रक्त उत्तम होतं. जे घडलं ते बाहेर घडलं.

“आज सकाळी पिशवी कोण घेऊन गेलं?”

टेक्निशियननं रजिस्टर उघडलं, बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. “मॅडम, आज सकाळी चार नंबरला आपण पिशवी दिलेलीच नाही.”

“काहीतरी बोलू नकोस. नऊ वाजून दहाला लावलीय ती.”

“ही बघा नोंद. कालची आहे. सकाळी अकरा दहा.”

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अकरा दहाला गेलेली पिशवी दुसऱ्या दिवशी नऊ दहाला लागली होती. मधले बावीस तास ती होती कुठे?

“परत आणायचं कोणी विचारलं होतं का काल?”

टेक्निशियन रजिस्टरकडेच बघत राहिला. “एक फोन आला होता, पावणेबाराच्या सुमारास. तुम्हीच घेतला होतात.”

“मी काय बोलले?”

“मला नीट ऐकू आलं नाही, मॅडम.”

त्याला नीट ऐकू आलं होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाईंनाही आठवलं. आठवलं तसं त्यांनी रजिस्टर मिटलं आणि पिशवी उजेडात धरली. पिशवीवरची चिठ्ठी एका बाजूनं चुरगळली होती, शाई पसरली होती आणि वरचा एक कोपरा फाटून गेला होता.

दुपारी एक वाजता बाई पुन्हा वॉर्डात गेल्या. काकांची लघवी अजून लालच होती, पण येत होती. नव्या नर्सला त्यांनी औषधांच्या खोलीत बोलावलं. या वेळी दार लावून घेतलं.

“काल ड्यूटीवर होतीस?”

“नाही, मॅडम. कालची माझी सुट्टी होती.”

“पिशवी तुला कुठे मिळाली?”

“ट्रेमध्ये ठेवलेली होती. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आत्ताच आलीय, लावून टाक.”

“गरम केलीस? नळाच्या पाण्यात, हीटरजवळ?”

“नाही.”

“त्याच नळीतून साखरेचं सलाइन सोडलंस? त्यानंही पेशी फुटतात.”

“नाही, मॅडम. साधंच सलाइन होतं. त्याची बाटली मी ठेवलीय.”

“नाव, नंबर कोणी पडताळलं?”

“मी वाचलं, मोठ्या सिस्टरनी ऐकलं. दोघींच्या सह्या आहेत.”

“पिशवीबरोबर पेढीची वेळ लिहिलेली पावती असते. ती कुठाय?”

“मी मागितली होती. सिस्टर म्हणाल्या, ओली झालीय, वाळली की मी लावते फाईलला.”

फाईलला पावती नव्हती. कालचा तापाचा तक्ता मात्र होता. अकरा वीसला काकांना एकशे एक ताप. खाली वॉर्डाच्या डॉक्टरांचं गिचमिड अक्षर: ‘ताप उतरेपर्यंत रक्त थांबवा.’

मोठ्या सिस्टर पलीकडे चादरींच्या घड्या घालत होत्या. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आठ महिन्यांवर निवृत्ती. बाई इथे नव्या होत्या तेव्हा याच सिस्टरनी त्यांना मुलांची शीर कशी शोधायची ते शिकवलं होतं.

“सिस्टर, पिशवी कधी आली?”

“आली तेव्हा आली. तुमच्या रजिस्टरात असेलच.”

“आज आली?”

“मॅडम, माझ्याकडे तीस खाटा आहेत.” घडी विस्कटली, त्यांनी ती पुन्हा घातली. “पोरगी जरा धांदरट आहे. तिलाच विचारा.”

हे म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. बाईंनीही जास्त ताणलं नाही. त्या उठल्या आणि वॉर्डाचा फ्रीज उघडला.

घरी असतो तसलाच फ्रीज, औषधांसाठी ठेवलेला. खालचे कप्पे इंजेक्शनांच्या खोक्यांनी ठासून भरलेले, बोट घालायला जागा नाही. रिकामा होता तो फक्त वरचा बर्फाचा कप्पा. आत बोटभर जाड बर्फ साचला होता. बाईंनी टॉर्च मारला, मग चिमट्यानं बर्फ खरवडून एक कागदाचा कपटा सोडवला. नखाएवढा. त्यावर एका आकड्याचं अर्धं डोकं होतं.

खाली नेऊन त्यांनी तो पिशवीवरच्या फाटक्या कोपऱ्याला लावून पाहिला. बरोबर बसला.

साडेतीन वाजता साहेबांच्या खोलीत चौघं जमली. साहेब, बाई, नवी नर्स आणि मोठ्या सिस्टर. अहवालाचा कागद टेबलावर तयार होता, नर्सचं नाव आधीच टाईप करून.

“सही तेवढी करा,” साहेब म्हणाले.

“चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर आधी ऐकून घ्या.” बाईंनी कागद बाजूला सारला. “रक्त बरोबर गटाचं होतं, बरोबर माणसाला दिलं गेलं. या मुलीनं पडताळणी केली, त्रास दिसताच मिनिटाच्या आत थांबवलं. आणखी अर्धी पिशवी गेली असती तर काका हातचे गेले असते. चूक तिच्या हातून झालेली नाही.”

“मग कोणाच्या?”

“काल अकरा दहाला पिशवी वर गेली. अकरा वीसला काकांना ताप भरला, डॉक्टरांनी थांबा म्हटलं. ताप उतरेल, मग लावू, या आशेवर पिशवी टेबलावर राहिली. अर्धा तास उलटला. आता परत पाठवली तर वॉर्डाचं नाव फळ्यावर लागणार. पाठवली नाही तर ठेवायची कुठे? फ्रीजमध्ये. आणि जागा होती फक्त बर्फाच्या कप्प्यात.”

“थंडच ठेवली ना? रक्त थंडच ठेवतात,” साहेब म्हणाले.

“थंड वेगळं आणि गोठलेलं वेगळं, साहेब. पाण्यानं काठोकाठ भरलेली काचेची बाटली बर्फात ठेवा, तडकते. प्रत्येक लाल पेशी तशीच असते. गोठली की फुटते. वितळल्यावर पिशवी वरून पुन्हा पहिल्यासारखी दिसते, पण आतल्या पेशी फुटलेल्याच राहतात. चिठ्ठीचा कोपरा बर्फाला चिकटून राहिला, तो हा. पावतीवर कालची वेळ होती, म्हणून पावती नाहीशी झाली. पोरीला सांगितलं, आत्ताच आली. काल ती सुट्टीवर होती, तिला कळणार कसं? काल आणि आज, दोन्ही दिवस वॉर्डात हजर आणि पडताळणीवर सही असलेलं माणूस एकच आहे.”

सगळ्यांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर आपल्या हातांकडे बघत होत्या.

“सकाळी बघितलं तर दगड झाली होती,” त्या म्हणाल्या. “कोमट पाण्यात ठेवली. मऊ झाली. मला वाटलं, वितळलं की झालं. मला खरंच वाटलं, मॅडम. पण मग वाटायला लागलं की हे बरोबर नाही, आणि तोवर पोरीला सांगून बसले होते.”

“आणि सकाळपासून गप्प बसलात? तिची नोकरी जाताना बघत होतात?” साहेबांचा आवाज चढला.

“लाज वाटली.” सिस्टरांनी पदराचं टोक तोंडावर दाबलं. “आधी फळ्याची वाटली, मग त्या लपवण्याची वाटली. नंतर या पोरीकडे बघायची. एकीवर एक चढत गेल्या. मी तिला धांदरट म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत मी कुणाबद्दल असं खोटं बोलले नव्हते.”

नव्या नर्सनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“झालं तर मग,” साहेब कागद ओढत म्हणाले. “नाव बदलू. किंवा असं करू, फ्रीज बिघडलेला होता असं लिहू. सिस्टरांचे आठ महिने राहिलेत, पोरगीही सुटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

वाट सोपी होती. बाईंना ती दिसत होती, आणि आपण तिच्यावर पाऊल टाकू शकतो हेही कळत होतं. त्यांचा चेहरा तापला.

“माझं अजून संपलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “काल पावणेबाराला पेढीत एक फोन आला. पलीकडच्या बाईनं नाव सांगितलं नाही. विचारलं, पिशवीला अर्ध्या तासावर पाचच मिनिटं झालीत, काय करू? सिस्टर, तो फोन तुमचा होता. मी काय म्हणाले ते यांना सांगा.”

“राहू द्या, मॅडम.”

“मग मीच सांगते. मी म्हणाले, ‘आणा की परत, फळ्यावर खूप जागा आहे.’ आणि हसले.”

बाई तिथेच थांबल्या नाहीत.

“आणि मागच्या महिन्याच्या बैठकीत, यांचं नाव तिसऱ्यांदा लागलं तेव्हा, मी पन्नास माणसांसमोर विचारलं होतं, ‘सिस्टर, तुमच्या वॉर्डात रक्त पितात की काय?’ सगळे हसले होते. तुम्हीसुद्धा हसला होतात, साहेब. अठ्ठावीस वर्षं इमानानं राबलेल्या बाईला मी इतकं खाली पाहायला लावलं की रक्त टाकून देण्यापेक्षा लपवणं तिला बरं वाटलं. फळा लावला तेव्हा मला वाटलं, रक्त वाया जाणं थांबलं. परत येणाऱ्या पिशव्या कमी झाल्या, मी खूश होते. त्या वाया जायच्या थांबल्या नव्हत्या, साहेब. नुसत्या परत यायच्या थांबल्या असतील. आणखी किती जणींनी काय काय केलं असेल, मला माहीत नाही. कसं माहीत असणार? मला सांगायला कोण येणार!”

त्यांनी टाईप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. सिस्टरांनी काय केलं ते लिहिलं. त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, फळा लिहिला, फोनवरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. नव्या नर्सबद्दल लिहिलं की तिनं एक जीव वाचवला. लिहिताना कान गरम झाले होते. सिस्टर उठून त्या मुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

चार वाजता बाई शिंपीकाकांच्या खाटेपाशी गेल्या आणि त्यांच्या लेकीला सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. लघवी आता फिकी पडत चालली होती, मूत्रपिंडं टिकतील असं दिसत होतं. लेक ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “डॉक्टर, बाबा बरे होईपर्यंत माझ्याशी एवढं नीट बोलू नका. मला तुमच्यावर चिडायचंय.” बाईंनी मान डोलावली.

मग त्या वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या. तीसच्या तीस खाटा ऐकतील इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, “सकाळी मी या नर्सला इथे वाट्टेल ते बोलले. तिची काहीही चूक नव्हती. चूक आमची होती, माझी होती. मी तिची माफी मागते.”

सकाळचा तो म्हातारा कुशीवरून उताणा झाला आणि बघायला लागला. नवी नर्स औषधाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. बाई तिच्याबरोबर औषधांच्या खोलीत आल्या.

“अजून काही म्हणायचंय तुला?”

“नको, मॅडम.”

“बोल.”

नर्सनं ट्रे खाली ठेवला. “तुम्ही मला सगळं विचारलंत. सलाइन, सही, पावती. पण ती पिशवी मला कशी दिसली, ते नाही विचारलंत.”

“कशी दिसली?”

“गडद. जुन्या रक्ताच्या डागासारखी, काळपट. लावायच्या आधीच दिसली होती. मला वाटलं, पेढीत फोन करून विचारावं. रिसीव्हर उचललाही होता.” ती थांबली. “मग म्हटलं, छडी फोनवर आली तर? सगळ्यांसमोर अक्कल काढेल माझी. म्हणून ठेवून दिला, आणि पिशवी लावली.”

आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बाई बसल्या. एका बाईनं भीतीनं पिशवी लपवली होती आणि दुसरीनं भीतीनं विचारलं नव्हतं. काकांच्या आणि त्या पिशवीच्या मध्ये उरलेला शेवटचा अडसर म्हणजे ही पोरगी, आणि तिच्या हातातला फोन बाईंनीच खाली ठेवायला लावला होता. अहवालात हे नव्हतं. हे त्यांना कुठल्याच नळीत, कुठल्याच फ्रीजमध्ये सापडलं नसतं.

मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

“तू फोन उचललास तेव्हा किती वाजले होते?” त्यांनी विचारलं. “सावकाश सांग. मी लिहून घेते.”